घासलेलं कुलूप

लेक – …बावन्न, त्रेपन्न, चौपन्न. बाबा, चौपन्न आहेत.

बाबा – असणारच. एकशेवीस आणल्या होत्या, तेहेतीस दिवस झाले, सकाळी एक, संध्याकाळी एक. तू एवढी शिकलीस, कर वजाबाकी.

लेक – केली. एकही गोळी चुकलेली नाही.

बाबा – मग लाव डॉक्टरांना फोन आणि सांग. काल भर ओपीडीत म्हणाले, 'काका, गोळ्या चुकवता ना? खरं सांगा.' शेजारच्या बाकावरची बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी ताईनं दिलेली किडनी विकून खाल्ली. चाळीस वर्षं किल्ल्या बनवतोय, कुणाच्या कुलपाची जादा किल्ली कधी जवळ ठेवली नाही. आणि मी गोळ्यांबद्दल खोटं बोलणार?

आत्या – विकायला गेलास तरी कोण घेणार? सदुसष्ट वर्षांची आहे ती किडनी. तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अहोजाहो करत जा तिला.

लेक – आत्या, तिथून टोमणे नको मारूस. इकडे येऊन बस जरा.

आत्या – दूध ठेवलंय गॅसवर. इथून सगळं ऐकू येतं मला. कान दोन्ही अजून माझेच आहेत.

लेक – मग ऐक. रक्तातलं औषध दीड वर्ष आठच्या आसपास होतं. काल तीन आलं. गोळ्या तेवढ्याच, वेळ तीच, आणि औषध निम्म्याहून कमी. क्रिएटिनिनही वर सरकायला लागलंय.

आत्या – म्हणजे किडनी कुरकुर करायला लागली, असंच ना?

लेक – तसंच. ह्या गोळ्यांचं काम एवढंच, की शरीरानं तुझ्या किडनीला परकं समजून तिच्या अंगावर जायचं नाही. औषध कमी पडलं की शरीर जाणारच. मग किडनी गेली. मग पुन्हा ते मशीन, आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास. आणि तुझ्याकडे आता द्यायला दुसरी नाही. डॉक्टर म्हणालेत आज संध्याकाळपासून डोस दुप्पट करा, आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघायचा. म्हणून मी सकाळची पहिली बस धरून आले. गोळ्या मोजायला नाही आले.

बाबा – आल्या आल्या मोजल्यास तर.

लेक – आधी ते बाजूला करायचं होतं. बाबा, आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर द्या. ह्या गोळ्यांशिवाय दुसरं काय घेता?

बाबा – काही नाही.

लेक – डोकं दुखल्यावर?

बाबा – डोकं दुखत नाही माझं. समोर कुणी प्रश्न विचारत बसलं तरच दुखतं.

लेक – पोट बिघडलं तर? झोप नाही आली तर? कुणी मित्रानं दिलेली पुडी? गुडघ्याला चोळायचं तेल?

बाबा – ठमे, तू मघाशी माझं कपाट उघडलंस, उशी उचललीस, दुकानातला गल्लाही बघून आलीस. मी वर जिन्यातून बघत होतो. काय सापडलं?

लेक – कानशी, काजळी धरलेल्या मेणबत्त्या आणि लिमलेटच्या गोळ्या.

बाबा – लिमलेटच्या गोळ्या गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी आहेत.

आत्या – अर्ध्या. बाकीच्या अर्ध्या कुणासाठी आहेत ते पाकीटच सांगेल.

लेक – लिमलेटनं काही होत नाही. पण काहीतरी होतंय. तुमचं औषध पोटात जातंय, आणि कामाला लागायच्या आत कुणीतरी ते झाडून बाहेर टाकतंय. आणि गंमत म्हणजे ते झाडणारं कोण, हे मला माहितीये. नऊ वर्षं मी त्याच्याच बरोबर बसतेय.

बाबा – तुझी ती कुलपं?

लेक – हो. त्यातलंच एक.

आत्या – मला ह्या वेळेला नीट समजाव बाई. मागल्या खेपेला तू सांगितलंस आणि मी शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिनं मलाच वेड्यात काढलं.

बाबा – तुझं काय घेऊन बसलीस. ही नोकरीला लागली तेव्हा मी समोरच्या न्हाव्याला अभिमानानं सांगितलं, पोर अनाथांवर काम करते म्हणून. चार दिवसांत त्यानं दोन पिशव्या भरून लहान मुलांचे कपडे आणून दिले.

लेक – ते कपडे कुठे आहेत?

बाबा – माळ्यावर. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, परत कसे करणार?

लेक – नऊ वर्षं माळ्यावर? बाबा, तुमच्यापुढे हात टेकले. बरं, आत्या, ऐक. आपलं सगळं अंग पेशींचं. पेशीच्या गाभ्यात छोटी छोटी कुलपं असतात. ठरलेला एक पदार्थ, म्हणजे किल्ली, येऊन आत बसला की कुलूप फिरतं आणि पेशीचं एखादं काम सुरू होतं. काही कुलपांच्या किल्ल्या आधीपासून माहीत होत्या. पण मग अशी खूपशी कुलपं सापडली, की दिसायला तशीच, आणि किल्ली कुठली ते कुणालाच माहीत नाही. त्यांना ऑर्फन रिसेप्टर म्हणतात. अनाथ.

बाबा – हे नाव मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. खाली पत्र्याच्या डब्यात बिनकिल्लीची तीसेक कुलपं आहेत माझ्या. लोक टाकून गेलेली. मी त्यांना अनाथ नाही म्हणत. किल्ली कुठेतरी असतेच. आपल्याला सापडत नाही, हा कुलपाचा काय दोष?

लेक – हे मी आमच्या सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना सेमिनारला बोलवू.

आत्या – आणि तुझ्या कुलपाचं काय झालं? सापडली किल्ली?

लेक – नाही. माझं अजून बंदच आहे. बाबांच्याच पद्धतीनं करतो आम्ही. ते कसं, कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करतात, कुलपात घालून हलकेच फिरवतात, आणि जिथली काजळी पुसली तिथे कानस चालवतात…

बाबा – हलकेच. जोर केला की किल्ली आत मोडते.

लेक – …तसंच आम्ही त्या कुलपाला काजव्यातला प्रकाश जोडून ठेवतो. हजारो पदार्थ एकेक करून घालून बघायचे. किल्ली बसली तर पेशी चमकते. चार हजार झाले. एकदाच चमकली. मी घरी फोन केला होता, आठवतंय?

बाबा – आठवतंय तर. रडत होतीस आनंदानं.

लेक – नंतर कळलं, ते प्लॅस्टिकच्या नळीतून झिरपलेलं काहीतरी होतं. माझ्या पदार्थाचा काही संबंधच नव्हता. तेव्हापासून मी एक शिकले. चमकलं की आधी विचारायचं, आपल्याला न कळत ह्यात दुसरं काय पडलं?

बाबा – म्हणून माझी उशी उचललीस.

लेक – म्हणून. आता लिव्हरमधल्या त्या कुलपाबद्दल सांगते. तेही एके काळी अनाथच होतं. त्याची किल्ली शोधायला लोक लागले, आणि एक नाही, पंचवीस किल्ल्या लागल्या त्याला. पन्नास लागल्या. एकमेकींशी काही साम्य नाही. क्षयाचं औषध लागतं, फिटचं औषध लागतं, काही झाडपाला लागतो, अंगातलं पित्तही लागतं.

बाबा – घासलेलं कुलूप.

लेक – बाबा?

बाबा – अगं, जुनं, घासलेलं कुलूप असतं ना, त्याला कुणाचीही किल्ली लागते. शेजाऱ्याच्या सायकलची लावा, उघडतं. केसातली पिन लावा, उघडतं. असलं कुलूप आलं की मी गिऱ्हाइकाला सांगतो, हे दाराला लावू नका.

लेक – तसंच आहे. फक्त हे जन्मतःच सैल केलेलं आहे, मुद्दाम. बाहेरचं काहीही, कधी न बघितलेलंही, अंगात आलं तर त्याला ते कळलं पाहिजे. हे कुलूप फिरलं की लिव्हरमध्ये झाडूवाल्यांची फौज तयार होते, आणि आलेला पाहुणा झाडून टाकते.

बाबा – मग चांगलंच आहे की.

लेक – चांगलंच. पण झाडूवाले झाडू हातात घेतला की कुणाला विचारत बसत नाहीत. जे समोर येईल ते झाडतात. तुमच्या गोळ्या त्यांच्याच वाटेत पडतात. म्हणजे कुणीतरी रोज येऊन ते कुलूप फिरवतंय. क्षय नाही तुम्हाला, फिट येत नाही. मग राहिला झाडपाला. आणि त्यात सगळ्यांत वाईट एकच. पिवळ्या फुलांच्या एका झाडाच्या कॅप्सूल मिळतात, सेंट जॉन्स वर्ट म्हणून. मन उदास असलं की लोक आपल्या आपण आणून घेतात. दोन आठवड्यांत झाडूवाले दुप्पट, तिप्पट. बदललेल्या किडन्या गेल्यात त्यानं, बदललेली हृदयं नाकारली गेलीत. बाबा, माझ्याकडे बघा. घेता का?

बाबा – नाही.

लेक – उदास वाटतं म्हणून, कुणाला सांगायला नको म्हणून, गुपचूप…

बाबा – मी कशाला उदास असेन? खातोपितो, दुकान उघडतो. नाही म्हणतोय ना मी. शपथ घेऊ?

लेक – मग कुठून येतंय? आकाशातून पडतंय का? आत्या, तू तरी सांग ह्यांना. आत्या? अगं दूध. आत्या, दूध उतू गेलंय.

बाबा – ताई?

लेक – सरक, मी बंद करते गॅस. भाजलं नाही ना? आत्या, काय झालं? तुझ्या हातून दूध उतू गेलेलं मी जन्मात बघितलं नाही.

आत्या – ठमे, त्याला ओरडू नकोस.

लेक – मी ओरडत नाहीये गं, मी घाबरलेय.

आत्या – त्याला ओरडू नकोस. तो घेत नाही. मी घालते.

लेक – काय घालतेस?

आत्या – चहात. सकाळच्या. दोन कॅप्सूल उघडून पूड घालते. पिवळ्या फुलांचं चित्र आहे खोक्यावर. त्या वरच्या फडताळात आहे, साखरेच्या डब्याच्या मागं. तू दुकानातला गल्ला बघितलास, इथं नाही बघितलंस.

लेक – किती दिवस?

आत्या – पाच आठवडे.

लेक – अरे देवा.

आत्या – मी काय करणार होते सांग. एक दिवस भर दुपारी दुकानात आले, तर शटर अर्धं खाली. हा आत स्टुलावर, हातात एक कुलूप. मी म्हटलं, काय करतोयस? म्हणाला, दुरुस्त करतोय. दोन तासांनी परत आले, तर तेच कुलूप, तसाच हात. दोन गिऱ्हाइकं माझ्यादेखत परत गेली. विचारलं, छोट्या, बरं वाटत नाही का? तर म्हणे, झकास आहे. झकास म्हणणाऱ्याला डॉक्टरकडं कसं न्यायचं? मग गेले औषधाच्या दुकानात. म्हटलं, मन बरं होईल असं काही द्या. तो म्हणाला, हे घ्या, झाडाचं आहे, अपाय नाही.

लेक – कुणासाठी ते सांगितलंस त्याला? किडनी बदललीय म्हणून?

आत्या – घरातलं बाजारात कशाला सांगू? भाऊ उदास आहे, एवढंही नाही सांगितलं. म्हटलं, मला हवंय.

लेक – आणि खोक्यावर लिहिलेलं?

आत्या – मुंगीएवढी अक्षरं. तरी मी अडाण्यासारखं नाही केलं बरं. आधी स्वतः घेऊन बघितलं. पंधरा दिवस, रोज दोन. काही झालं नाही मला. उलट झोप चांगली लागली. मगच त्याला सुरू केलं. विष असतं तर आधी मी गेले असते.

लेक – तू स्वतःवर आधी… अगं आत्या, तू ह्या गोळ्या घेत नाहीस. तुझेही झाडूवाले वाढलेच असतील, त्यांना झाडायला काही नव्हतं एवढंच. तुझ्यावर करून बाबांचं कसं कळणार? आम्ही उंदरावर करून माणसाचं ठरवलं तरी फसतो. उंदराचं हेच कुलूप दिसायला सारखं, आणि किल्ल्या वेगळ्या लागतात.

आत्या – उंदीर म्हण मला. काहीही म्हण. म्हणजे मीच ना? एका हातानं दिली आणि दुसऱ्या हातानं काढून घेत होते. रोज सकाळी, ढवळून ढवळून. साखर जास्त घालायचे, कडवटपणा कळू नये म्हणून.

बाबा – कळत होता.

आत्या – काय?

बाबा – कळत होता कडवटपणा, ताई. पहिल्याच दिवशी कळला. कपाच्या तळाशी पिवळट गाळ राहायचा. चाळीस वर्षं बारीक बघायचंच काम केलंय मी, मला गाळ दिसणार नाही?

लेक – तुम्हाला माहीत होतं? बाबा, मी तासभर घसा फोडून विचारतेय, काय घेता, काय घेता…

बाबा – मी काही घेत नव्हतो. ती देत होती.

लेक – वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

बाबा – चिडू नकोस. मला काय माहीत, ह्या पुडीनं एवढं होत असेल. मला वाटलं, असेल काहीतरी शक्तीचं. तिनं पोट चिरून दिलं ते घेतलं मी, आणि चिमूटभर पूड नाकारू? तिनं लपवलंय म्हणजे तिला ते माझ्यापासून लपवायचंय, मग मीही कशाला बोलून दाखवू?

आत्या – मी लपवत होते, कारण तू लपवत होतास.

बाबा – हो.

लेक – आणि मी फोनवर दर रविवारी विचारत होते, गोळ्या घेतल्या का, पाणी किती प्यालात, वजन किती. कसं वाटतंय हे विचारायचे ते फोन ठेवता ठेवता. उत्तर यायच्या आत कट.

बाबा – तुझी घाई असते. मला माहितीये.

लेक – घाई कसली. भीती वाटायची, तुम्ही खरं सांगाल म्हणून. आणि आत्या, मला एक फोन करायचास गं. ह्याच पदार्थाची बाटली माझ्या टेबलावर आहे. दर आठवड्याला त्याच सैल कुलपावर मीच घालते, आमची पेशी नीट चमकते का ते बघायला. अख्ख्या खानदानात ह्या एका गोष्टीतलं ज्याला कळतं असं एकच माणूस आहे, आणि त्याला सोडून तू सगळ्यांना विचारलंस.

आत्या – सगळ्यांना नाही, औषधवाल्याला. तुला काय सांगणार होते? तुझे वडील रडतात म्हणून?

लेक – रडतात?

आत्या – न्हाणीघरात. नळ सोडून. नळाचा आवाज वेगळा आणि माणसाचा वेगळा.

बाबा – ताई, पुरे.

आत्या – नाही पुरे. आज एवढं सगळं उतू गेलंच आहे, तर तू पण बोल. काय होतंय तुला? दीड वर्ष झालं. लोक म्हणतात नवा जन्म मिळाला ह्याला, आणि तू असा.

बाबा – तेच ना. सगळे म्हणतात नवा जन्म. न्हावी म्हणतो, डॉक्टर म्हणतात. आणि मला सकाळी पांघरूण बाजूला करावंसं वाटत नाही. डोळे उघडले की छातीवर ऐरण ठेवल्यासारखं. खाली उतरून शटर उघडायचं, तर त्या सोळा पायऱ्या डोंगरासारख्या. का, ते मला माहीत नाही. काही कमी नाहीये. ठमी आहे, तू आहेस, हाताला काम आहे. ती मशीनवरची तीन वर्षं होती ना, तेव्हा असं नव्हतं होत. आता सगळं चांगलं झालं आणि हे असं. ताईच्या अंगावर एवढा मोठा व्रण माझ्यापायी. पाऊस आला की तिला तिथे ओढल्यासारखं होतं, सांगत नाही, पण हात जातो तिचा. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, की तू एवढं दिलंस आणि मला जगायचा कंटाळा आलाय?

आत्या – ह्याच तोंडानं. आत्ता सांगितलंस त्याच.

बाबा – तुला वाईट नाही वाटलं?

आत्या – वाटलं. खूप वाटलं. पण ते किडनीचं नाही वाटलं. एवढ्याशा खोलीत तू आणि मी पाच आठवडे एकमेकांपासून लपून चहा पीत होतो, त्याचं वाटलं. किडनी दिली म्हणजे तू माझ्यापुढं आयुष्यभर हसत बसायचं, असं काही ठरलं होतं का आपलं? लहानपणी तुझा शेंबूड पुसला तो हसण्याच्या बोलीवर नाही पुसला.

बाबा – पोरीसमोर शेंबूड काढू नकोस.

लेक – काढू दे. मला आवडतं. बाबा, आता माझं ऐका. घाबरू नका, तुकडाबिकडा काढायची वेळ अजून आलेली नाही. पण कॅप्सूल आज बंद, आणि संध्याकाळची गोळी घ्यायच्या आत डॉक्टरांना हे कळलं पाहिजे. कारण त्यांनी डोस दुप्पट केलाय. कॅप्सूल बंद झाल्या की झाडूवाले हळूहळू घरी जाणार, दोन आठवड्यांत. मग तोच दुप्पट डोस अंगात साचत जाणार, आणि तेही किडनीला झेपणार नाही. आत्या, ते खोकं दे. वाच मला आकडे… राहू दे, मुंगीएवढी आहेत, मीच वाचते.

आत्या – फोन मी करते. मी घातलंय, मी सांगते.

लेक – मी लावून देते, तू बोल. तुला अडलं तर मी आहे.

(लेक फोन लावून आत्याच्या हातात देते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

आत्या – डॉक्टरसाहेब, मी बोलतेय, किडनी दिलेली बहीण. हो, तीच, तुमच्या नर्सशी भांडलेली. माझ्या भावानं एकही गोळी चुकवलेली नाही, ते आधी लिहून घ्या. पोरगी मोजून बसलीय. चूक माझी आहे. मी त्याच्या चहात पाच आठवडे कॅप्सूल घातल्या, पिवळ्या फुलांच्या… हो. तेच नाव. रोज दोन… नाही, त्याला विचारून नाही… हो, कळलं मला. पोरीनं सगळं समजावलं, झाडूवाल्यांसकट… झाडूवाले, म्हणजे ते तुम्ही तिलाच विचारा… तो उदास असतो, म्हणून. रडतो. नाही, तुम्हाला नाही सांगितलं त्यानं, मलाही आत्ता सांगितलं… बरं… बरं… धरा, पोरीला देते.

लेक – हॅलो, सर… हो. तीनशे मिलिग्रॅमच्या दोन… बरोबर, मीही तेच म्हणणार होते… दुप्पट नाही, सव्वापट… हो, दर तीन दिवसांनी रक्त, दोन आठवडे… उद्या सकाळी खोकं घेऊन येतो आम्ही… हो, मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठीही हवीच आहे. ते कुलूप न फिरवणारी औषधं आहेत ना, त्यातलं बघून… थँक यू, सर. हो, आहेत समोर. बाबा, तुमच्याशी बोलायचंय त्यांना.

बाबा – हॅलो… हो… नाही हो, असू द्या… असू द्या म्हटलं ना. तुमच्या जागी मीही तेच विचारलं असतं. कुलूप उघडत नसलं की आधी गिऱ्हाइकालाच विचारतो मी, किल्ली बरोबर आणलीत ना. हो. उद्या येतो. ताईलाही आणतो, तुमच्या नर्सला आधी सांगून ठेवा.

लेक – काय म्हणाले?

बाबा – माफ करा म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि म्हणाले, वेळेत कळलं.

आत्या – वाचेल ना ती?

लेक – वाचेल असं वाटतंय डॉक्टरांना. क्रिएटिनिन नुकतंच हललंय. दोन आठवडे जरा धाकधूक, मग कळेल. आत्या, नको ना गं रडूस. तू रडायला लागलीस की मला सुचत नाही काही.

आत्या – मी रडत नाहीये. दूध करपल्याचा धूर गेलाय डोळ्यांत. थांबा, भांडं घासते आणि दुसरा चहा टाकते. तुम्ही दोघं इथं येऊन उभे राहा आणि बघा, मी काय काय घालते ते.

लेक – बाबा, एक खरं सांगा. त्या पुडीनं बरं वाटत होतं?

बाबा – वाटत होतं.

लेक – खरंच?

बाबा – गेले पाच आठवडे सकाळी उठत होतो मी. सहाला जिन्यात ताईची चप्पल वाजायची, मग उठावंच लागायचं. पूर्वी ती दुपारी यायची, डबा घेऊन. पूड घालायची म्हणून सकाळी यायला लागली. मग बसायची समोर, मी कप रिकामा करेपर्यंत. रोज काहीतरी भांडण काढायची. मजा यायची.

आत्या – कप रिकामा होतो का ते बघत बसायचे मी.

लेक – म्हणजे पुडीनं बरं वाटलं का हिच्या येण्यानं, हे आता कसं कळणार? दोन्ही एकाच दिवशी सुरू केलंत. असा प्रयोग आमच्याकडे कुणी केला तर सर त्याला हाकलून देतील.

बाबा – त्यात काय एवढं. एक बंद करायचं आणि दुसरं चालू ठेवायचं. आम्ही कुलपातही तसंच करतो.

आत्या – घ्या चहा. पाणी, दूध, चहापत्ती आणि एकच चमचा साखर. बघितलंत ना दोघांनी?

बाबा – बघितलं. ताई, उद्या सहाला येशील ना?

आत्या – आता कशाला येऊ? चहात घालायला काही राहिलं नाही माझ्याकडं.

बाबा – काही घालू नकोस. नुसती येऊन बस.